लंडन एका दिवसात: राजवाड्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जूनमध्ये मुंबईहून चौघं येताय आणि लंडनमध्ये मोकळा दिवस एकच आहे. बकिंगहॅम पॅलेस, पार्लमेंट आणि वेस्ट एंडची नाट्यगृहं असा तीन तासांचा गाइडेड वॉक घ्यावा, की नकाशा हातात धरून आपापलं फिरावं? आई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुरतात. मुलगी १३ वर्षांची, नाटकवेडी. आणि तुमच्या यजमानांना पहारा बदलण्याचा सोहळा बघायचाच आहे.

मी सोळा वर्षं याच पट्ट्यात लोकांना फिरवते, त्यातले बरेच मराठी. माझी मिळकतच त्यावर आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. गाइड घ्या की नको, यावर मी शेवटाकडे येते, कारण तुमची खरी अडचण वेगळी आहे. तीन ठिकाणं, चार माणसं, दोन दुखरे गुडघे आणि एक ठरलेली नाटकाची वेळ यांची सांगड कशी घालायची, ही ती अडचण. वार आणि क्रम बरोबर निवडला तर ती जवळजवळ सगळी सुटते.

वार बुधवार घ्या. पहारा बदलणं सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी असतं. नाटकांचे दुपारचे प्रयोग बहुतेक ठिकाणी बुधवारी किंवा गुरुवारी आणि शनिवारी असतात. पार्लमेंटचं अधिवेशन चालू असेल तर बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, त्यामुळे त्या परिसरात एरवी नसते अशी लगबग दिसते. तिन्ही गोष्टी जुळतात त्या बुधवारी. जूनमधला शनिवार मात्र टाळा. राजाच्या वाढदिवसाचं मोठं संचलन आणि त्याच्या आधीच्या तालमी जूनच्या आसपासच्या शनिवारी असतात, तेव्हा द मॉल हा राजवाड्यासमोरचा रस्ता बंद असतो. पहाऱ्याचं वेळापत्रकही असल्या सोहळ्यांमुळे सरकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी ते एकदा तपासून घ्याच.

आता क्रम. बहुतेक जण साडेदहाला राजवाड्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच करत असे. एकदा साताऱ्याहून आलेल्या अकरा जणांच्या कुटुंबाला तिथे सव्वा तास उभं केलं. त्यातल्या आजींना शेवटपर्यंत लोकांच्या पाठी आणि वर धरलेले मोबाइल एवढंच दिसलं. पुढच्या चालीसाठी त्यांच्या पायात त्राण उरलं नाही, आणि चूक सगळी माझी होती. तेव्हापासून मी त्या फाटकाशी गर्दीच्या वेळी कुणालाही नेत नाही.

तुम्ही सव्वानऊला ग्रीन पार्क स्टेशनवर या. तिथे लिफ्टने थेट रस्त्यापर्यंत येता येतं. बागेतून सपाट वाटेने दहा मिनिटांत राजवाडा. त्या वेळी तिथे जेमतेम माणसं असतात. छतावरचा झेंडा बघा: राजाचा निळा-लाल-सोनेरी ध्वज असेल तर राजे आत आहेत, युनियन जॅक असेल तर नाहीत. तिसऱ्या जॉर्जने १७६१ मध्ये हे घर घेतलं ते राणीसाठी. इथे राहायला येणारी पहिली राज्यकर्ती व्हिक्टोरिया, १८३७ मध्ये. आणि बाल्कनीसह जो दर्शनी भाग सगळ्यांच्या फोटोत असतो तो १९१३ चा, म्हणजे आपल्या गिरगावातल्या कितीतरी चाळी त्याहून जुन्या. फोटो काढा आणि वीस मिनिटांत निघा.

तिथून द मॉलने सेंट जेम्स पॅलेसला या. विटांचा, बुटकासा, आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात बांधलेला हा वाडा लोक ओलांडून पुढे जातात, पण मला विचाराल तर राजघराण्याचा खरा पत्ता हाच. परदेशी राजदूतांची नेमणूक आजही 'सेंट जेम्सच्या दरबारी' होते आणि नवा राजा गादीवर आल्याची द्वाही पहिल्यांदा इथल्याच फ्रायरी कोर्ट या अंगणावरच्या सज्जातून फिरते. त्याच फ्रायरी कोर्टात साडेदहाच्या सुमारास जुन्या पहाऱ्याचे शिपाई रांग धरतात आणि पावणेअकराच्या आसपास वाजतगाजत राजवाड्याकडे निघतात. रस्त्याच्या कडेला उभं राहिलात तर ते हाताच्या अंतरावरून जातात. अस्वलाच्या कातड्याच्या टोपीखाली मान जराही न हलवणारा विशीतला पोरगा, त्याच्या कपाळावरचा घाम, बुटांच्या टाचांचा एकदम येणारा आवाज, हे सगळं तुमच्या यजमानांना इथे दिसेल. फाटकाशी तासभर ताटकळून ते दिसत नाही.

इथे मराठी मंडळींना मी आणखी पाच मिनिटं थांबवते. १९३० च्या नोव्हेंबरात पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन पार्लमेंटच्या इमारतीत झालं आणि बैठका भरल्या त्या या सेंट जेम्स पॅलेसमध्ये. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मागणी घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले ते या भिंतींच्या आत. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेला गांधीजी इथेच आले. मागच्या वर्षी नागपूरचे एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर होते. त्यांनी चप्पल काढून, भिंतीला हात लावून नमस्कार केला. पहाऱ्यावरचा पोलीस बघत राहिला, काही म्हणाला नाही.

या वाड्यापासून पुढे जी वाट आपण चालतो ती मी ठरवलेली नाही, एका राजाने चाललेली आहे. ३० जानेवारी १६४९ च्या सकाळी पहिला चार्ल्स याच वाड्यातून निघून सेंट जेम्स पार्कमधून व्हाइटहॉलकडे, म्हणजे आज सरकारी कचेऱ्यांचा रस्ता आहे तिकडे, पायी गेला. त्या दिवशी त्याचा शिरच्छेद व्हायचा होता. कडाक्याची थंडी होती, आपण कुडकुडलो तर लोकांना भीतीने कापतोय असं वाटेल, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. पार्लमेंटने त्याच्यावर खटला चालवला होता. त्याच पार्लमेंटने त्याआधी, १६४२ मध्ये, लंडनची नाट्यगृहं बंद करायला लावली होती. पुढे १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि त्याने आल्या आल्या दोघांना नाटक मंडळी चालवण्याचे परवाने दिले. राजवाडा, पार्लमेंट आणि नाट्यगृह ही तीन वेगळी 'पॉइंट्स' नाहीतच, ती एकच गोष्ट आहे आणि ती या क्रमाने चाललं की आपोआप उलगडते. उलट्या बाजूने, म्हणजे कॉव्हेंट गार्डनहून सुरू करून राजवाड्याशी संपवलं, की प्रत्येक ठिकाणी मागचं सांगत बसावं लागतं.

पार्कात तळ्यावरच्या निळ्या पुलावर थांबा. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला व्हाइटहॉलचे मनोरे. तळ्यात पेलिकन दिसतील. रशियाच्या वकिलाने १६६४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सला ते नजर केले, तेव्हापासून इथे पेलिकन आहेत. बाक भरपूर आहेत, कॅफे आहे, स्वच्छतागृह आहे. आईंना इथे निदान पंचवीस मिनिटं बसू द्या. थर्मासमधला चहा काढायची जागा हीच.

बारा वाजायच्या दहा मिनिटं आधी पार्लमेंट स्क्वेअरच्या हिरवळीवर पोचायचं. आधी पावतासाची सुरावट वाजते आणि मग मोठ्या घंटेचे बारा ठोके. त्यातला पहिला ठोका म्हणजे नेमके बारा. बिग बेन हे नाव त्या घंटेचं, मनोऱ्याचं नव्हे. ती १३.७ टनांची आहे आणि १८५९ मध्ये बसवल्यावर काही महिन्यांतच तडकली. मग ती थोडी फिरवून, हलका हातोडा लावून पुन्हा सुरू केली. आजही तो तडा तसाच आहे आणि तिचा जो किंचित घोगरा नाद ऐकू येतो तो त्यामुळेच. मुलीला डोळे मिटून ऐकायला सांगा.

चौकात गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला, आणि चर्चिलचाही. दोघांमधलं अंतर चालत दोन मिनिटांचं. पण मी लोकांना वळवते ती रस्त्यापलीकडे, क्रॉमवेलच्या पुतळ्यामागच्या जुन्या दगडी इमारतीकडे. तो वेस्टमिन्स्टर हॉल, अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. १८३४ च्या आगीत पार्लमेंटचा बहुतेक वाडा जळाला, हा वाचला. चार्ल्सचा खटला इथेच चालला. आणि १७८८ पासून सात वर्षं वॉरन हेस्टिंग्जवरचा खटलाही. हेस्टिंग्ज म्हणजे ज्याच्या अमदानीत इंग्रजांनी वडगावला शरणागती पत्करली आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह केला, तो. अवधच्या बेगमांना त्याने कसं लुबाडलं यावर खासदार रिचर्ड शेरिडन इथे चार दिवस बोलला. त्या भाषणाची प्रवेशपत्रं लोकांनी पन्नास-पन्नास गिनी मोजून घेतली असं सांगतात. हेस्टिंग्ज शेवटी निर्दोष सुटला. शेरिडनचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

व्हाइटहॉलवर चाल सरळ आणि सपाट आहे. सेनोटाफ हे युद्धस्मारक लट्यन्सचं, ज्याने नवी दिल्ली आखली त्याचं. डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकातून पंतप्रधानांच्या १० नंबरच्या घराचं दार नीट दिसत नाही, तिथे फार वेळ घालवू नका. मात्र एवढं सांगा मुलीला: दुसऱ्या जॉर्जने हे घर आपला पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलला देऊ केलं आणि तो १७३५ मध्ये राहायला आला. दोनच वर्षांनी, रंगमंचावर आपली टिंगल होते म्हणून, याच वॉलपोलने कायदा केला की प्रत्येक नव्या नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनला दाखवायची. हा लॉर्ड चेंबरलेन राजाच्या घरच्या कारभाराचा अधिकारी, त्याची कचेरी सकाळी बघितलेल्या सेंट जेम्स पॅलेसात. ही सेन्सॉरशिप १९६८ पर्यंत टिकली! आपल्याकडे इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर कायदा आणला आणि पुढे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांना कर्झन दिसू लागल्यावर १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. इथल्या लोकांनी ती पद्धत मोडीत काढून अर्धशतक उलटलं. आपल्या महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडे अजून जाते. हे सांगितलं की नाटकात काम करणारी मुलं हमखास प्रश्न विचारतात, आणि मला त्या प्रश्नांसाठीच ही चाल आवडते.

पुढे उजव्या हाताला बँक्वेटिंग हाउस. याच्याच एका खिडकीतून चार्ल्स बाहेरच्या वधस्तंभावर आला. ही इमारत इनिगो जोन्सने बांधली (१६२२ मध्ये पुरी झाली) ती दरबारच्या सोंगानाट्यांसाठीही. छतावर रूबेन्सची चित्रं लागल्यावर मशालींच्या धुराने ती काळवंडतील म्हणून तिथले खेळ थांबवले. नाटकासाठी उभारलेल्या दालनाबाहेर राजाचं डोकं उडवलं गेलं. समोर हॉर्स गार्ड्स या घोडदळाच्या ठाण्याचं घड्याळ आहे, त्यावर २ च्या आकड्याशी एक काळा डाग दिसेल. शिरच्छेद झाला ती वेळ म्हणून तो तसा ठेवलाय. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघावा लागतो. घोडेस्वारांजवळ फोटो काढताना लगाम धरू नका, घोडे खरंच चावतात.

ट्रॅफल्गर स्क्वेअरला साधारण एक वाजता पोचाल. नेल्सनचा खांब आणि सिंह दिसतीलच. तुम्ही आग्नेय कोपऱ्यातल्या पुतळ्यापाशी जा. तो जनरल हॅवलॉक. १६ जुलै १८५७ ला कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव करणारा. चौथऱ्यावर १८५७ च्या हिंदुस्थानातल्या मोहिमेचा आणि कृतज्ञ देश तुम्हाला विसरणार नाही अशा अर्थाचा मजकूर कोरलाय. आपण बिठूरचं नाव शाळेत वाचतो, त्या गोष्टीची दुसरी बाजू इथे दगडात उभी आहे. मी इथे काही शिकवत नाही, फक्त मजकूर वाचून दाखवते. मग बहुतेक वेळा घरातलं मोठं माणूस बोलायला लागतं आणि मी गप्प बसते.

जेवणासाठी सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरातलं कॅफे चांगलं. नॅशनल गॅलरीत प्रवेश मोफत आहे, स्वच्छतागृहं आहेत, बसायला जागा आहे. इथवर वळसे धरून साडेतीन-चार किलोमीटर झालेले असतात.

नाटक अडीचचं. तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. इथली नाट्यगृहं जुनी, जिने अरुंद, वरच्या मजल्यांना लिफ्ट क्वचित. 'स्टॉल्स' म्हणजे खालचा मजला असं आपण धरतो, पण कितीतरी ठिकाणी तो रस्त्याच्याही खाली असतो आणि ड्रेस सर्कल, म्हणजे त्याच्या वरचा मजला, रस्त्याच्या पातळीवर. म्हणून आईंसाठी किती पायऱ्या आहेत हे नाट्यगृहाला फोन करून विचारा, त्यांच्याकडे यासाठी वेगळी सोय असते. दुसरं, स्वस्त तिकिटांवर दृश्यात अडथळा असल्याचा उल्लेख असेल तर तो गंभीरपणे घ्या, समोर खरोखर लोखंडी खांब येतो. प्रयोग वेळेवर सुरू होतो. आपल्यासारखी तिसरी घंटा इथेही असते, पण उशिरा येणाऱ्यांना कधीकधी मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवतात. मध्यंतरात बटाटेवडा मिळत नाही, प्रेक्षागृहातच आइसक्रीमचे छोटे डबे विकतात. मुलीला तो जरूर घेऊन द्या, तो इथल्या नाटकाचाच भाग आहे.

नाटक सुटेल पाचच्या सुमारास. जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा उरलेली चाल आता करा. कॉव्हेंट गार्डनचा चौक आखला तो बँक्वेटिंग हाउसवाल्या इनिगो जोन्सनेच. तिथल्या सेंट पॉल्स चर्चला नटांचं चर्च म्हणतात, आत भिंतींवर कलावंतांच्या नावांच्या पाट्या आहेत. तिथून पाच मिनिटांवर थिएटर रॉयल, ड्रुरी लेन. दुसऱ्या चार्ल्सने ज्या दोन मंडळींना परवाने दिले त्यातल्या एकीने १६६३ मध्ये या जागी नाट्यगृह उघडलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हे राजाच्या परवान्यात लिहिलेलं होतं. बालगंधर्वांचा जन्म त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी. आणि इथे शेरिडन पुन्हा भेटतो. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बेगमांसाठी बोलणारा तो खासदार मुळात नाटककार, आणि या नाट्यगृहाचा मालक. १८०९ च्या फेब्रुवारीत ते जळालं तेव्हा तो पार्लमेंटमध्ये होता. त्याच्यासाठी कामकाज थांबवायची तयारी सभागृहाने दाखवली, त्याने नको म्हटलं. नंतर समोर बसून पेला हातात घेऊन जळतं नाट्यगृह बघत असताना कुणी हटकलं, तेव्हा माणसाने स्वतःच्या शेकोटीपाशी बसून एक घोट घेऊ नये का, असं तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. आजची इमारत १८१२ ची.

आता गाइडचं. तुम्हाला फोटो आणि मोकळेपणा हवा असेल तर वरच्या क्रमाने स्वतः फिरा, काही अडणार नाही. गोष्ट ऐकायची असेल तर गाइड घ्या, पण पंचवीस-तीस जणांचा, तीन तासांत सगळं उरकणारा घोळका तुमच्या आईंसाठी नाही. त्यांच्या वेगाने कुणी थांबणार नाही. फक्त तुमच्या कुटुंबासाठी, सकाळच्या टप्प्यापुरता, सेंट जेम्स पॅलेस ते ट्रॅफल्गर स्क्वेअर एवढा गाइड घेतलात तर पैसे सत्कारणी लागतात. 'ब्लू बॅज' असलेला गाइड परीक्षा देऊन आलेला असतो. बक्षिसीवर चालणाऱ्या 'मोफत' वॉकचे काही गाइड फार चांगले आहेत, काही पाठ केलेलं म्हणतात. आधी ऐकल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. पाऊस जोराचा असेल तर पार्क गाळून वेस्टमिन्स्टरपर्यंत टॅक्सी करा. व्हाइटहॉलवर मोर्चा असेल तर रस्ता बंद असू शकतो, तेव्हा टेम्स नदीच्या काठाने जा. आणि वेस्टमिन्स्टर ब्रिजवर पेल्याखाली गोळी लपवण्याचा खेळ चाललेला दिसला तर तिथे थांबू नका, भोवतीचे जिंकणारे लोक त्यांचेच असतात.

परतताना कॉव्हेंट गार्डन स्टेशनात जिन्याने उतरू नका, १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. ड्रुरी लेनवरून खाली ऑल्डविचला या. तिथे इंडिया हाउस आहे, आपल्या उच्चायुक्तांची कचेरी, आणि जवळच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथे बाबासाहेब शिकले. सकाळी सेंट जेम्स पॅलेसपाशी आईंना जे सांगितलं असेल त्याची इथे आठवण करून द्या. बसथांबा समोरच आहे, बसला पायरी नाही आणि पुढच्या जागा ज्येष्ठांसाठी असतात. मुलीला वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसू द्या. तारीख नक्की झाली की इथे लिहा, त्या बुधवारचं पहाऱ्याचं वेळापत्रक बघून सकाळची वेळ दहा मिनिटं मागेपुढे करावी लागेल का ते सांगते.